खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर: पुन्हा चालणे, पुन्हा न पडणे

मांडीचे हाड वरच्या टोकाला कमरेच्या खोबणीत बसते. या टोकाला गोल डोके असते, त्याखाली आखूड, तिरकी मान आणि मानेखाली दोन उंचवटे. तिथून पुढे हाडाचा लांब दांडा सुरू होतो. ‘खुबा मोडला’ असे लोक म्हणतात तेव्हा हाड बहुधा या मानेत किंवा उंचवट्यांच्या पट्ट्यात मोडलेले असते. तरुण माणसाचे हे हाड मोडायला मोटारीचा अपघात किंवा झाडावरून पडणे लागते. सत्तरी ओलांडलेल्याला मोरीतून बाहेर येताना एका कुशीवर आपटणे पुरते. ‘हाड आपोआप मोडले आणि म्हणून आजी पडल्या’ असे पुष्कळ घरांत सांगितले जाते. तसे क्वचित घडतेही. पण शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांत आधी पडणे आणि मग मोडणे असाच क्रम असतो. हाडाचा ठिसूळपणा आणि शरीराचा ढळता तोल, दोन्ही कारणे एकाच वेळी हजर असतात. शस्त्रक्रियेने यांपैकी एकही दूर होत नाही. मोडलेले हाड तेवढे सांधले जाते.

कोणती शस्त्रक्रिया करायची हे हाड कुठे मोडले यावर ठरते. मान मोडून तुकडे सरकले की डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते जुळण्याची खात्री राहत नाही. म्हणून वयस्कांमध्ये बहुधा डोके काढून कृत्रिम डोके बसवतात. त्याला लोक ‘बॉल बदलला’ म्हणतात. मोड खाली उंचवट्यांत असेल तर रक्तपुरवठा शाबूत असतो. तिथे धातूचा दांडा किंवा पट्टी घालून हाड धरून ठेवतात, म्हणजे ‘रॉड टाकतात’. दोन्हींचा हेतू एकच, रुग्णाला लवकरात लवकर त्या पायावर उभे करता यावे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी आणि वैद्यकीय अडचण नसेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी त्याला पलंगावरून उठवावे. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरात ३९७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या रुग्णांना नेहमीच्या अस्थिरोग विभागात ठेवले होते, निम्म्यांना वृद्धांच्या आजारांच्या विभागात. तिथे औषधे, आहार, मनाचा गोंधळ आणि लवकर हालचाल यांकडे एकत्र लक्ष दिले जाई. चार महिन्यांनंतर या दुसऱ्या गटाची हालचाल सरस होती.

घरी सोडताना डॉक्टरांकडून एक गोष्ट कागदावर लिहून घ्यायला हवी: शस्त्रक्रिया झालेल्या पायावर किती भार द्यायचा. पूर्ण, निम्मा, की पाऊल नुसते टेकवायचे? बहुतेकांना पूर्ण भार देण्याची मुभा असते. पण हे नीट विचारून न घेतल्यामुळे महिनामहिना पाय अधांतरी धरून चालणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्या महिन्यात पायाची जी ताकद जाते ती परत मिळवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

अंथरुणावर पडून राहण्याची किंमत किती असते याचे मोजमाप झालेले आहे. २००७ साली अमेरिकेत धडधाकट वृद्धांना १० दिवस पलंगावर झोपवून ठेवले गेले. त्यांना ना आजार होता ना जखम. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांतले स्नायू सरासरी जवळजवळ १ किलोने घटले आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली. खुबा मोडलेल्या माणसाला दुखापत, शस्त्रक्रिया, रक्तस्राव, मंदावलेली भूक यांचीही भर पडते. शिवाय छातीत कफ साठून होणारा न्यूमोनिया, पाठीवरचे शय्याव्रण, पायाच्या शिरांतल्या गुठळ्या. निरनिराळ्या देशांतले आकडे पाहिले तर खुबा मोडल्यानंतर वर्षभरात साधारण पाचातला एक ते चारातला एक रुग्ण दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळ जण पूर्वीसारखे चालू लागत नाहीत. हाड तीन-चार महिन्यांत जुळते. चालणे परत येणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी निराळे कष्ट लागतात.

पहिल्या दिवसांतले व्यायाम दिसायला किरकोळ असतात. पाऊल घोट्यातून वरखाली करणे, मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबणे, नितंब आवळणे, टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणे, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणे. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी दिली तर दुखणे सुसह्य होते. ‘गोळ्या कमी घ्यायच्या म्हणून सोसायचे’ हा हट्ट इथे नुकसान करतो, कारण दुखणारा माणूस पाय हलवतच नाही. जेवण आणि चहा पलंगावर न देता खुर्चीत बसवून दिला की दिवसातून चार-पाच वेळा उठणे आपोआप घडते.

वॉकर धरून चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय असा क्रम असतो. पुढे काठी आली की ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा असेल तर काठी डाव्या हातात. हे उलटे वाटते आणि अनेक जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. पण विरुद्ध हातातल्या काठीमुळेच खुब्यावरचा ताण हलका होतो. जिन्याने चढताना चांगला पाय पहिला, उतरताना दुखरा पाय आणि काठी पहिली.

बॉल बदललेल्यांना आणखी काही पथ्ये सांगितली जातात. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बसताना गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही. तसे झाले तर बसवलेला बॉल खोबणीतून निसटू शकतो. मराठी घरात ही पथ्ये पाळायची तर राहणीच बदलावी लागते. मांडी घालून जेवणे, पाटावर किंवा उकिडवे बसणे, भाजी निवडायला जमिनीवर बैठक मारणे, भारतीय पद्धतीचा संडास, हे सगळे त्या काळात बंद. संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. बुटका पलंग पायांखाली भक्कम ठोकळे देऊन उंच करता येतो. रॉड टाकलेल्यांना बहुधा इतकी बंधने नसतात. पुन्हा जमिनीवर केव्हा बसायचे, किंवा बसायचेच की नाही, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी क्ष-किरण तपासणी पाहून ठरवायचे असते.

सहाएक आठवड्यांनी टाके विसरले जातात, माणूस घरातल्या घरात काठीने फिरू लागतो, फिजिओथेरपिस्टचे येणे थांबते. बहुतेक घरांत व्यायाम इथेच संपतो, आणि खरे तर तो इथे सुरू व्हायला हवा. एवढ्या काळात मिळालेली ताकद घरात वावरण्यापुरती असते. रस्ता ओलांडणे, बसमध्ये चढणे, अडखळल्यावर स्वतःला सावरणे यांसाठी ती पुरत नाही. मोडलेल्या बाजूचा पाय वर्ष उलटले तरी दुसऱ्या पायापेक्षा अशक्त राहू शकतो.

‘या वयात आता कसली ताकद येणार’ या समजुतीला उत्तर १९९४ सालीच मिळाले आहे. बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात १०० रहिवाशांवर प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते, बहुतेक जण काठी, वॉकर किंवा चाकाच्या खुर्चीवर अवलंबून होते. त्यांतल्या काहींनी आठवड्यातून तीन वेळा, १० आठवडे, खुबा आणि गुडघ्याच्या स्नायूंना भरपूर वजनाचा व्यायाम दिला. त्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली, चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी सुधारला. याच प्रयोगात एका गटाला व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय दिले होते. त्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. प्रोटीनचे महागडे डबे आणून देणाऱ्या मुलांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

घरी करायचा सर्वांत उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणे आणि बसणे. खुर्ची हातांची, भक्कम, चाके नसलेली आणि भिंतीला टेकवून ठेवलेली हवी. पुढे सरकून बसायचे, पावले मागे घ्यायची, नाक पावलांच्या पुढे येईल इतके वाकायचे आणि उठायचे. बसताना धाडकन न बसता सावकाश खाली यायचे. ज्यांना वाकण्याचे पथ्य आहे त्यांनी उशी ठेवून बैठक उंच करायची आणि वाकणे बेताचे ठेवायचे. आधी दोन्ही हातांचा आधार, मग एकाचा, मग आधाराशिवाय. आठ-दहा वेळा सहज जमू लागले की काहीतरी अवघड करायचे: उशी काढायची, गती आणखी कमी करायची, आवर्तने वाढवायची. नुसता रोज व्यायाम होतो की नाही हे पाहून भागत नाही. तो महिन्यागणिक कठीण होत जायला हवा, नाहीतर स्नायूला वाढायचे कारणच उरत नाही.

दुसरा महत्त्वाचा स्नायू खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा. एका पायावर उभे असताना कंबर लचकू न देण्याचे काम तो करतो, आणि शस्त्रक्रियेची चीर बहुधा त्याच्याच आसपास असते. लंगडत चालण्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभे राहायचे, अंग ताठ ठेवून पाय बाजूला उचलायचा, क्षणभर धरायचा आणि खाली आणायचा. अर्धा किलो वाळूची पिशवी घोट्याला बांधून पुढे भार वाढवता येतो. ओट्यालाच धरून टाचा उचलणे आणि चवडे उचलणे हेही होते.

ताकदीइतकाच तोल महत्त्वाचा, आणि तो निराळा शिकावा लागतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरी करण्याजोगा एक कार्यक्रम तयार झाला. फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षित परिचारिका घरी येऊन पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवून जाई, अधूनमधून पुन्हा येऊन ते वाढवून देई. व्यायाम आठवड्यातून तीनदा अर्धा तास, शिवाय दोनदा फिरणे. या कार्यक्रमाच्या चार चाचण्यांतील १,०१६ वृद्धांची माहिती एकत्र केली तेव्हा पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १०८ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यानुसार व्यायामाने पडण्याचे प्रमाण एकूण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, आणि तोलाचे व्यायाम असलेल्या कार्यक्रमांबद्दलची खात्री सर्वांत भक्कम आहे. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असे मात्र या आढाव्यात सिद्ध झाले नाही. सकाळी बागेत दोन फेऱ्या मारल्या की झाले, या समजुतीत बदल व्हायला हवा. फेऱ्या हृदयाला आणि मनाला चांगल्या; तोल सावरायला त्या पुऱ्या पडत नाहीत.

तोलाचा सराव पायरीपायरीने वाढतो. पावले जुळवून उभे राहणे, मग एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धे पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावून एका रेषेत, शेवटी एका पायावर. प्रत्येक अवस्था हाताने न धरता १० सेकंद टिकली की पुढची घ्यायची. हात ओट्यावर टेकलेला नसला तरी ओटा हाताशीच हवा, मागे खुर्ची हवी आणि सुरुवातीला कुणीतरी जवळ उभे हवे. पुढे बाजूला पावले टाकणे, मागे चालणे, वळणे, जमिनीवरची वस्तू ओलांडणे, चालता चालता बोलणे. रोजच्या जगण्यात माणूस स्थिर उभा असताना क्वचित पडतो. तो वळताना, वाकताना, घाईत आणि लक्ष दुसरीकडे असताना पडतो.

खुबा मोडलेल्यांवरचे प्रयोग नेहमीच इतके यशस्वी झालेले नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात सहा महिने घरी व्यायाम केलेल्यांची कामे करण्याची क्षमता वाढली, पण वाढ बेताची होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात १६ आठवड्यांच्या घरच्या व्यायामानंतर सहा मिनिटांत ३०० मीटर चालू शकणारे सुमारे २३ टक्के निघाले, तर तुलनेसाठीच्या गटात १८ टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो. व्यायाम व्यर्थ आहे असा अर्थ यातून निघत नाही. चार महिने अपुरे असू शकतात, आणि एका मार्गाने सगळे परत मिळत नाही, एवढे मात्र यातून दिसते. म्हणून पडण्याची बाकीची कारणे शोधणे व्यायामाइतकेच गरजेचे ठरते.

त्यांतले पहिले कारण औषधांच्या डब्यात असते. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधे, रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधे यांनी तोल बिघडतो. ती स्वतःहून बंद करायची नाहीत. पण सगळा डबा घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि कोणती कमी करता येतील ते विचारावे. झोपून उठल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा अधिक उतरला तर चक्कर येऊ शकते, म्हणून रक्तदाब आडवे आणि उभे असा दोन्ही वेळा मोजायला हवा. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसू नये: नॉटिंगहॅम येथे २००५ साली झालेल्या चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या स्त्रियांचे पडणे ३४ टक्क्यांनी कमी झाले. दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या चष्म्यातून पायरी धूसर दिसते. बाहेर चालताना फक्त दूरचा चष्मा बरा.

घरात सर्वांत धोक्याची जागा न्हाणीघर आणि तिथपर्यंतची रात्रीची वाट. साबणाचे पाणी सांडलेली गुळगुळीत फरशी, उंबरठा, दारातले सुटे पायपुसणे, अंधार आणि लघवीची घाई हे सगळे तिथे एकत्र येते. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले धरायचे दांडे, खरखरीत फरशी किंवा न सरकणारी चटई, अंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि वीज गेली तर चार्जिंगचा दिवा, एवढ्याने खूप फरक पडतो. टॉवेल अडकवायची दांडी आधार म्हणून धरली तर उखडते, हे ध्यानात ठेवावे. पायांत मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे हवीत. सैल सपाता आणि मोज्यांवर चालणे टाळावे. जमिनीला टेकणारा गाऊन आणि साडीचा काठही पायात येतो. पावसाळ्यात अंगणातले शेवाळ खरवडून काढावे लागते.

हाड मजबूत करणाऱ्या उपचारांचा विसर अनेकदा डॉक्टरांनाही पडतो. खुबा ठिसूळपणामुळे मोडला असेल तर दुसरे हाड मोडण्याचा धोका मोठा असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अॅसिड शिरेतून दिलेल्या रुग्णांत नवे हाड मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाले. हे किंवा दुसरे औषध योग्य आहे का, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम किती घ्यायचे, हे विचारून घेतलेच पाहिजे. आहारात प्रथिनांची उणीव हा आपल्याकडचा जुना दोष. दात नाहीत, भूक नाही म्हणून मऊ भात, चहा आणि बिस्किटांवर दिवस निघतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर प्रत्येक जेवणात घट्ट वरण, दही, ताक, पनीर, अंडे किंवा मासे यांपैकी काहीतरी हवेच.

पुन्हा पडण्याची भीती हीसुद्धा पडण्याचे कारण असते. खुबा मोडलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना ती असते. घाबरलेला माणूस पाय घासत, अंग आखडून, जमिनीकडे बघत चालतो, बाहेर जाणे सोडतो आणि त्यामुळे आणखी अशक्त होतो. घरच्यांची माया या भीतीला खतपाणी घालते. ‘तुम्ही उठू नका, मी देते’, ‘बाबा, एकटे जाऊ नका’ असे दिवसातून वीसदा ऐकणाऱ्याला आपले पाय आपले वाटेनासे होतात. पाण्याचा तांब्या हातात आणून देण्याऐवजी वडिलांनी तो उठून घ्यावा आणि मुलाने शेजारी चालावे, यात खरी काळजी आहे. चालताना त्यांना काखेत धरून ओढू नये. अशक्त बाजूला, किंचित मागे उभे राहावे आणि गरज पडली तरच कमरेला आधार द्यावा.

जमिनीवरून उठता येते हे कळले की भीती बरीच ओसरते. डॉक्टरांनी वाकण्याची परवानगी दिल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हे शिकता येते: कुशीवर वळणे, कोपरावर आणि मग हातांवर येणे, गुडघ्यांवर रांगत खुर्चीपर्यंत जाणे, चांगला पाय पुढे टेकवून खुर्चीवर हात रोवून उठणे. पडल्यावर मात्र घाईने उठू नये आणि घरच्यांनीही ओढून उभे करू नये. पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळले असेल किंवा जांघेत असह्य दुखत असेल तर माणसाला आहे तिथेच उबदार ठेवून रुग्णवाहिका बोलवावी. मोबाइल नेहमी खिशात किंवा गळ्यात असावा, कारण कुणाला न कळता तासन्‌तास जमिनीवर पडून राहणे हा स्वतंत्र धोका असतो.

प्रगती मोजण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. त्याला लागलेला वेळ घड्याळात बघायचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणाऱ्या वृद्धाला पडण्याचा धोका आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागणे नवल नाही. महिन्याला एकदा वेळ लिहून ठेवला की सुधारणा होते आहे की थांबली हे कळते, आणि थांबली असेल तर फिजिओथेरपिस्टला पुन्हा बोलावून व्यायाम बदलून घेता येतो. हे किमान वर्षभर चालवावे लागते. व्यायामानंतर स्नायू दुखणे, थकवा येणे साहजिक आहे. जांघेतले किंवा मांडीतले दुखणे दिवसेंदिवस वाढणे, पाय अचानक आखूड होणे, पोटरी सुजून गरम लागणे, जखमेतून पाणी येणे ही लक्षणे दिसली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे.